मधाच्या रंगाची मान

“मी त्याच्या ॲम्पमध्ये मीठ ओतणार,” समिधा म्हणाली. “दोन मुठी. वरून तांब्याभर पाणी.”

“ॲम्पमध्ये पाणी ओतलंस तर शॉक तुलाच बसेल,” निकेत म्हणाला. “मग बदला कोण घेणार? रीमा?”

“घेईन की,” रीमा म्हणाली. ती जिन्याच्या कठड्यावर चढून पाय खाली सोडून बसली होती. समिधाने बोलता बोलता तिचा फ्रॉक मागून धरला आणि तिला अलगद पायरीवर ओढलं. चौथ्या मजल्यावरून पडलेल्या माणसाला कसलाच बदला घेता येत नाही.

मे महिन्यातली दुपार होती. खारी गावाच्या कडेला उभ्या राहिलेल्या त्यांच्या सोसायटीत गारवा म्हणून फक्त गच्चीच्या जिन्यात मिळायचा. तेरा वर्षांची समिधा, बारा वर्षांचा शेजारचा निकेत आणि त्याची दहा वर्षांची बहीण रीमा सुट्टी लागल्यापासून तिथेच बसत. एरवी पत्ते चालायचे. आज पत्त्यांना कुणी हात लावला नव्हता.

कारण होतं मनालीआत्याचा बेस.

मनालीआत्या म्हणजे समिधाच्या बाबांची धाकटी बहीण. ती बेस गिटार वाजवायची. साध्या गिटारला सहा तारा असतात. बेसला चार, पण अशा जाड, की त्यांचा आवाज कानाच्या आधी पोटात पोचतो. भाईंदरपासून पार तारोडीपर्यंत कुठल्याही कोळीवाड्यात लग्नाच्या आदल्या दिवशीची हळद असली, की मनालीआत्याच्या बँडला बोलावणं यायचंच. अख्ख्या पट्ट्यात बेस वाजवणारी बाई ती एकटीच.

आणि तिच्या बेससारखा बेसही एकच. तो दुकानात टांगलेला मिळाला नव्हता. पुण्याच्या एका कारागिराने तो हाताने बनवला होता. लहानपणी होडीच्या दोरात सापडून आत्याचा डावा अंगठा मोडला होता आणि तो कधी सरळ बसलाच नाही. त्यामुळे बाजारातला कुठलाही बेस धरला की तिचा हात थोड्याच वेळात आखडायचा. कारागिराने तिला समोर बसवून घेतलं आणि बेसची मान तासायला घेतली. मान म्हणजे तारांखालचा तो लांब दांडा, ज्यावर डावा हात फिरतो. थोडं तासायचं, आत्याच्या हातात द्यायचं, परत घ्यायचं, पुन्हा तासायचं. शेवटी मानेच्या पाठीवर एका बाजूला लांबट, उथळ पन्हळ तयार झाली. आत्याचा वाकडा अंगठा तिच्यात असा बसायचा, जसा चष्मा नाकावर बसतो.

“जगात अशी दुसरी मान नाही,” आत्या म्हणायची, “कारण असा बिघडलेला दुसरा अंगठा नाही.”

खाऱ्या वाऱ्यात लाकूड दर उन्हाळ्यात थोडं वाकतं. तारा वर उचलल्या जातात, दाबायला जड होतात. मग मानेच्या पोटातली लोखंडी सळई किंचित पिळून ती सरळ करावी लागते. दरवेळी आत्या त्यासाठी पुण्याला जायची. या वेळी चुलतबहीण अंबिकाची हळद तोंडावर आली होती, म्हणून तिने बेस केबिन रोडच्या गल्लीतल्या जितेंद्रच्या दुकानात टाकला. पहिल्या मजल्यावर एसी दुकान, भिंतभर गिटारी, इंटरनेटवर ढीगभर व्हिडिओ. सगळे त्याला जितूसर म्हणत.

बेस परत आणायला आत्याबरोबर बाबा आणि समिधाही गेले होते. बेसचं अंग तेच होतं. मान वेगळी होती. जाडजूड, चकचकीत, प्लॅस्टिकच्या खुर्चीसारखी गुळगुळीत.

“नेक पिळली होती मॅडम,” जितेंद्र मानेवर बोट ठेवून म्हणाला. “गेली होती कामातून. फेकून दिली. कचऱ्याच्या गाडीत.”

“मला न विचारता?”

“फोन लावलेला. लागला नाही.”

“ती मान माझ्या हातासाठी—”

“मॅडम, तुम्ही हळदीतच वाजवता ना?” तो हसला. “तिथे डीजेच्या दणक्यात नेक कुठली ते कोण ऐकतंय? उलट मला थँक्यू बोला.”

दुकानात गिटारी वाजवून बघणारी कॉलेजची मुलं होती. ती खो खो हसली. एकाने तर हातवारे करून नाचाची नक्कल केली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे समिधाच्या बाबांनी, परेशने, खरंच थँक्यू म्हटलं.

घरी येऊन आत्याने नव्या मानेवर वाजवायचा प्रयत्न केला. अंगठ्याचं बूड सुजून टम्म झालं. तिने बेस पलंगाखाली सरकवला आणि अंबिकाला फोन केला, “माझ्या जागी कोणीतरी कीबोर्डवाला बघ.” तिने भांडण केलं असतं, रडली असती, तरी समिधाला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, “चालतं गं.” तेव्हापासून समिधा बदल्याच्या योजना आखत होती.

“मीठ राहू दे,” निकेत म्हणाला. “मला एक सांग. मान खरंच पिळली होती?”

“नाही. आदल्या दिवशी मी वाजवलेला बेस. तारा थोड्या वर होत्या, एवढंच.”

“मग चांगली मान कोणी कचऱ्यात का टाकेल?”

समिधा ताडकन उठली.

“म्हणजे टाकलीच नसेल,” रीमा म्हणाली. “एवढं काय त्यात? दादासुद्धा माझं चॉकलेट हरवलं म्हणतो.”

---

दुकानात जायला कारण हवं होतं. निकेतने नेलकटर काढलं आणि स्वतःच्या युकुलेलेची, म्हणजे चार तारांच्या छोट्या गिटारची, एक तार कट्कन तोडली.

“तुटली,” तो दुःखी चेहरा करून म्हणाला.

समिधाच्या आईची, संपदाची, परवानगी मिळवणं मात्र तार तोडण्याइतकं सोपं नव्हतं. “केबिन रोडला? या गर्दीत? तिघंच?” असं तीन वेगवेगळ्या सुरांत विचारून झाल्यावर तिने अटी सांगितल्या. पोचलात की फोन. निघालात की फोन. रस्ता ओलांडताना रीमाचा हात सोडायचा नाही. उघड्यावरचं सरबत नाही. आणि पाण्याच्या बाटल्या तिघांच्या तीन, एकमेकांच्या तोंडाला लावायच्या नाहीत.

दुकानात जितेंद्र फोनवर होता. “हां दिपेशभाई, तुम बस नेक देखो. तीस साल पुराना मेपल है. ऐसा शहद जैसा कलर आजकल के लकड़ी में आता ही नहीं. पेंट नहीं है भाई, उम्र है उम्र.”

तो ज्या भिंतीकडे बघून बोलत होता, तिकडे समिधाने पाहिलं. स्वतंत्र दिव्याखाली एक बेस टांगला होता. अंग गडद तपकिरी. तारांच्या खुंट्या असतात ते डोकं निमुळतं, टोकदार, त्यावर कुठल्याशा परदेशी कारागिराचं सोनेरी नाव. आत्याच्या बेसचं डोकं गोलसर होतं, कासवासारखं. हा बेस अगदीच वेगळा होता. पण त्याची मान पिवळसर होती. मधासारखी.

समिधाने निकेतला कोपराने ढोसलं.

“काका,” निकेत फोन ठेवलेल्या जितेंद्रला म्हणाला, “युकुलेलेची तार हवी होती.”

“कुठली? कॉन्सर्ट, सोप्रानो?”

“तुटलेली.”

“तुटलेली तार हवीये?”

“नाही, तुटलेल्या जागी हवीये. आणि काका, तारेला पुढची आणि मागची बाजू असते का?”

जितेंद्रने कपाळावर हात मारला आणि तारांचं खोकं आणायला आतल्या खोलीत गेला. “मीपण बघते,” म्हणत रीमा त्याच्या मागोमाग गेली आणि दारातच उभी राहिली, म्हणजे त्याला चटकन बाहेर येता येऊ नये.

समिधाने हात वर केला आणि मान पकडली.

अंगठा आपोआप आत्यासारखा वाकडा वळला आणि पन्हळीत बसला. पाच वर्षं ती याच मानेवर शिकली होती. आपल्या घरातल्या दिव्याचं बटण अंधारातही पहिल्या झटक्यात सापडतं ना, तसा तिचा अंगठा तिथे पोचला. तिच्या कानशिलांतून वाफ निघाल्यासारखं झालं.

“ए बेटा, हात नाही,” आतून येत जितेंद्र म्हणाला. “शनिवारी जाणारे तो. मीरा रोडचे दिपेशभाई येतायत, बेस जमवणारे मोठे कलेक्टर. लाइव्ह डेमो ठेवलाय. तुम्हीपण या बघायला. लांबून हां.”

“येऊ,” समिधा म्हणाली. “नक्की येऊ.”

ती दोन-दोन पायऱ्या उतरत रस्त्यावर आली. मग म्हणाली, “डोकं कापलंय त्याने. गोल होतं ते कापून टोकदार केलं. रंधा मारला, दुसऱ्या अंगाला जोडलं आणि परदेशी नाव चिकटवलं. पन्हळ तेवढी त्याला कळली नाही, कारण त्याने ती मान आत्यासारखी धरलीच नाही.”

“घरी फोन करायचाय,” रीमाने आठवण केली. “निघालो म्हणून.”

---

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. आणि नंतर मोठी माणसं जे करतात तेच केलं.

“हे बघ समिधा, डोकं वेगळं, अंग वेगळं, नाव वेगळं. तुझ्या अंगठ्याच्या साक्षीवर मी एका दुकानदाराला चोर म्हणू? उद्या तो आपल्यावरच केस टाकेल. त्याला त्यातलं कळतं. आपल्याला कळतं का?”

“आत्याला कळतं.”

“तिला आधीच वाईट वाटलंय. तिच्या कानावर घालू नकोस हे.”

समिधाने रागाने भाताचा घास चावला, जणू तो जितेंद्रचा कान होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रीमा जिन्यात आली तेव्हा तिच्या पांढऱ्या टीशर्टवर पोटाशी मोठा लाल डाग होता. समिधा दचकलीच. “काय लागलं?”

“काही नाही. वरण सांडलेलं. आई म्हणाली आधी नुसत्या पाण्याने धू, पण मी थेट साबण घासला. पिवळं होतं ते लाल झालं. आता ओरडा खातेय.”

“हळद आणि साबण,” निकेत पत्ते पिसत म्हणाला. “शाळेत हळदीचा कागद केलेला ना आम्ही. साबण लावा, सोडा लावा, चुना लावा, लाल होतो. कुंकूसुद्धा असंच करायचे, हळदीत चुना घालून. पान टाक.”

समिधाने पान टाकलं नाही. ती त्या डागाकडे बघत होती.

हळदीच्या कार्यक्रमात काय होतं, हे तारोडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नवरीला लावून झाली की हळद सगळ्यांना लागते. नाचणाऱ्यांना, बघणाऱ्यांना, आचाऱ्याला, आणि वाजवणाऱ्यांना तर मुद्दाम. मनालीआत्या वाजवत असताना बायका येऊन तिचे गाल, हात, बोटं माखून जायच्या. तिच्या बेसच्या मानेला चकचकीत लेप नव्हता. तिला उघडं, नुसतं तेल पाजलेलं लाकूड हातात आवडायचं. वर्षानुवर्षं तीच हळदीची बोटं त्या लाकडावरून फिरली होती. नवा बेस आणला तेव्हा मान पांढरट होती. मधासारखी ती नंतर झाली.

“ते वय नाहीये,” समिधा हळूच म्हणाली. “ती हळद आहे. त्या गाढवाने वरवर घासून तेल लावलं आणि हळदीला तीस वर्षांचं वय समजला.”

निकेतच्या हातातले पत्ते खाली पडले.

“लाकडात मुरलेली हळद लाल होते का, ते आधी बघायला हवं,” तो म्हणाला. “नाहीतर आपलंच हसं.”

चुन्यासाठी पानटपरीवर जायची गरज पडली नाही. तारोडीहून समिधाची आजी, जिजाबाई, सकाळीच आली होती. लेकीची समजूत घालून तिला हळदीला वाजवायला न्यायचं, या इराद्याने. लेक ऐकत नव्हती आणि आजी फुगून पानाचा डबा घेऊन बसली होती.

“आजी, थोडा चुना देशील?”

“पोरांना चुना कशाला? त्वांड भाजंल.”

“खायला नाही. लावायला.”

“कोनाला लावतंस?”

“चोराला,” रीमा म्हणाली.

आजीने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. चोर कोण, चोरी कसली, असलं काही विचारलं नाही. “मंग जास्ती घे,” ती म्हणाली. “पन डोल्याला हात लावायचा न्हाय.”

स्वयंपाकघरातून त्यांनी दोन लाकडी डाव उचलले. एक आमटीतला, जुना आणि पिवळट. दुसरा कोरा, अजून कागदात गुंडाळलेला. दोन्ही घासले, वाळवले, तेल चोळलं. मग जुन्या डावावर चुन्याच्या पाण्यात भिजवलेला रुमाल दाबून घासला. आधी काहीच झालं नाही. समिधाने आणखी जोरात घासलं. मग रेषांरेषांतून विटकरी लाली वर आली, खरचटल्यावर कातडीवर येते तशी. कोऱ्या डावाला काहीच झालं नाही.

“झालं,” निकेत म्हणाला. “आता सरळ पोलिसांकडे जाऊ. तुझ्या बाबांना घेऊन.”

“नाही.”

“का?”

“पोलिसांसमोर तो हळू आवाजात बोलेल. सर, मॅडम, गैरसमज झाला,” समिधा म्हणाली. “मला तो मोठ्याने बोलायला हवाय. सगळ्यांसमोर. आत्यावर हसलेल्या पोरांसमोर. त्याला जितकं फुगता येईल तितकं फुगू दे.”

“तू लई खतरनाक झालीयेस,” निकेत म्हणाला. त्याच्या आवाजात आदर होता.

---

शनिवारी आत्याला दुकानापर्यंत नेण्यासाठी समिधाला खोटं बोलावं लागलं. नव्या मानेचे स्क्रू सैल झालेत, निदान तेवढे फुकटात घट्ट करून घेऊ. आत्या नाखुशीने तयार झाली. शनिवारची गर्दी म्हणून संपदाने बाबांनाही बरोबर पाठवलं. समिधाला तेच हवं होतं.

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. नक्कल करणारा कॉलेजचा मुलगा पुढेच होता. तिवईवर मोबाइल लावून लाइव्ह चालू केलेलं. मधल्या खुर्चीत मीरा रोडचे दिपेशभाई बसले होते. गोल चेहरा, शर्टाच्या खिशात तीन पेनं, आणि डोळ्यांत मिठाईच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या मुलाचा भाव. त्यांच्या घरी हाताने बनवलेले सात बेस होते. सुरू झाले की ते त्या सातांची नावं आणि स्वभाव सांगत सुटत.

जितेंद्रने आत्याला पाहिलं. “अरे मॅडम, तुम्ही? या, या. चांगला बेस कसा असतो तो बघून जा.”

पोरं हसली. आत्या मागे वळणार तेवढ्यात समिधाने तिचं मनगट पकडलं.

“दोन मिनिटं थांब,” ती कुजबुजली. “माझ्यासाठी.”

जितेंद्रने बेस खाली काढला, मांडीवर आडवा घेतला आणि पाठ कॅमेऱ्यासमोर धरली. “ये देखिए. तीस साल. परदेसी कारीगर. हाथ से तराशा हुआ.”

“काका,” समिधाने गोड आवाजात विचारलं, “हा पिवळा रंग दिलेला आहे का हो?”

“रंग? नाही बेटा. रंगाचा एक थेंब नाही यात. लाकूड म्हातारं झालं की असं होतं.”

“म्हणजे पुसला तर जाणार नाही?”

“कशाने जाणार? उमर पुसता येते का कोणाला?” तो प्रेक्षकांकडे बघून हसला. प्रेक्षकही हसले.

“आणि साबणबिबण लावला तर? रंग बदलेल?”

“अगं काहीही लाव. ॲसिड सोडून काहीही. हा मेपल आहे, वरणभात नाही.”

“पुसून बघू? शाळेच्या प्रोजेक्टला लागेल.”

जितेंद्रने बेस जरा मागे घेतला. पण लाइव्ह चालू होतं, आणि दिपेशभाई कौतुकाने म्हणाले, “पोंछने दो ना, बच्ची है. अपने को भी पता चले.”

“पुस, पुस,” जितेंद्र म्हणाला.

रीमाने चुन्याच्या पाण्याची डबी उघडली. समिधाने तीत रुमाल बुडवला, मानेच्या पाठीवर दाबला आणि घासला. वरपासून खालपर्यंत, सावकाश, जितेंद्रच्या डोळ्यांत बघत.

लाकूड तसंच राहिलं.

“झालं समाधान?” जितेंद्र म्हणाला. “बघा, मी काय सांगत—”

त्याचं वाक्य अर्धवटच राहिलं. मधाचा रंग गढूळ होत होता. आधी तपकिरी, मग विटकरी, मग लाल. लाली सगळीकडे सारखी नव्हती. एका बाजूची लांब पन्हळ कुंकवाचं बोट ओढावं तशी भरून आली. बोटांचं येणंजाणं जिथे जास्त, तिथे ती गडद होती. इतकी वर्षं फिरलेला हात त्या मानेवर उमटला.

“ये क्या है?” दिपेशभाई उठून उभे राहिले.

“हळद,” निकेत म्हणाला. “चुना लागला की लाल होते. साधी हळद.”

“केमिकल टाकलंय कार्ट्यांनी,” जितेंद्र ओरडला. “माझ्या बेसची वाट लावली.”

निकेतने तोच रुमाल उचलला, भिंतीवरच्या दुसऱ्या एका बेसच्या पांढरट मानेवर घासला आणि बाजूला झाला. सगळे वाकून बघत राहिले. काहीच झालं नाही. तिसऱ्या बेसवर घासला. तिथेही काही नाही.

“जितूभाई,” दिपेशभाई सावकाश म्हणाले, “आपके परदेसी कारीगर के यहाँ हल्दी कौन लगाता है?”

कुणीतरी हसलं. तोच मुलगा. पण आता तो आत्यावर हसत नव्हता.

मनालीआत्या गर्दीतून पुढे आली. तिने कुणाला काही न विचारता बेस जितेंद्रच्या मांडीवरून उचलला आणि डाव्या हाताने मान धरली. वाकडा अंगठा त्या लाल पन्हळीत जाऊन बसला. एक बोटभरही इकडेतिकडे नाही. दिपेशभाई पुढे झाले आणि त्यांनी स्वतःचा अंगठा तिथे ठेवून पाहिला. तो बसेना. त्यांनी नकारार्थी डोकं हलवलं आणि तिवईवरच्या मोबाइलकडे बघून म्हणाले, “सब देख रहे हो ना?”

जितेंद्रने लाइव्ह बंद करायला हात पुढे केला. परेशने तो हात मनगटाला धरला. “राहू दे चालू,” ते म्हणाले. समिधाने बाबांचा असा आवाज याआधी ऐकला नव्हता. “मी तुला थँक्यू म्हटलं होतं. सगळ्यांसमोर. ते मी आता परत घेतोय. सगळ्यांसमोर.”

मग जे झालं ते समिधानेही ठरवलं नव्हतं. नक्कल करणारा मुलगा अचानक म्हणाला, “सर, माझ्या गिटारचे पिकअप बदलायला दिलेले. जुने कुठेयत?” दुसरा म्हणाला, “माझ्या गिटारचा ब्रिज ओरिजिनल वाटत नाही मला.” तिसऱ्याने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि तिथेच आपली गिटार उघडायला बसला. दिपेशभाईंनी फोन लावून ड्रायव्हरला वर बोलावलं. दुरुस्तीला दिलेले त्यांचे दोन बेस आतल्या खोलीत होते. भिंतीवरचे खिळे एकेक करून रिकामे होऊ लागले.

“मॅडम,” जितेंद्र आत्याला म्हणाला. आता त्याचा आवाज हळू होता. “गैरसमज झाला. आपण बाहेर बोलू का?”

“नको,” आत्या म्हणाली. “सोड ती मान. चारही स्क्रू. इथेच.”

“उद्या करून घरी पाठवतो ना.”

“आत्ता. आणि माझ्या बेसला लाव. मला बसायला स्टूल दे.”

जितेंद्रचंच स्टूल होतं. समिधाने ते ओढून दिलं. आत्या त्यावर बसली, हाताची घडी घातली, आणि जितेंद्र जमिनीवर मांडी घालून स्क्रू सोडू लागला. एसी चालू असूनही त्याच्या मानेवरून घाम निथळत होता. मान बसवली. तारा चढवल्या. सळई पिळली. आत्याने बेस हातात घेतला, एक सूर वाजवला आणि परत दिला.

“वरची जाड ‘ई’ तार भणभणतेय. पुन्हा कर.”

त्याने तारा सैल केल्या, पुन्हा पिळलं, पुन्हा चढवल्या. आत्याने एक सूर वाजवला.

“अजून भणभणतेय.”

कुणीही दुकानातून हललं नाही. लाइव्ह बघणाऱ्यांचा आकडा चढतच होता. किती वेळा झालं ते निकेत मोजू लागला, तेव्हा समिधाने त्याला गप्प केलं. मोजलं की मजा जाते.

अखेर आत्या म्हणाली, “बरं. चालेल.”

दिपेशभाईंनी पोलिसांना फोन केलाच होता. ते आले, बेस पाहिला, चुना पाहिला, लाइव्हचं रेकॉर्डिंग दोनदा पाहिलं, आणि जितेंद्रला बरोबर घेऊन गेले. जाताना त्यांच्यातल्या एका बाईंनी रीमाच्या डोक्यावर हात ठेवला. “कोणाची आयडिया?” “वरणाची,” रीमाने खरं ते सांगितलं.

दिपेशभाईंनी तिघांशी हस्तांदोलन केलं, अगदी मोठ्या माणसांशी करतात तसं. “मैं तो आज घर जाके आठवाँ बेस बोल के यही टाँगने वाला था,” ते म्हणाले. “सुट्टी में मेरे घर आना. सातों दिखाऊँगा. वो चुना लेके आना, एक पे मुझे भी डाउट है.”

“समिधा,” बाबा म्हणाले, “त्या रात्री मी—” त्यांनी तिची पाण्याची बाटली उघडून तिच्या हातात दिली. “तुझ्या अंगठ्याला सॉरी सांग.”

घरी जिजाबाईने सगळी हकिकत उभ्या उभ्या ऐकली, पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावली, आणि तिघांच्या गालांवरून बोटं फिरवून कडाकडा मोडली. “येकदम बेस क्येलंव,” ती म्हणाली. “पन त्याला रडवला का न्हाय?”

“जवळजवळ,” समिधा म्हणाली.

पण हे सगळं नंतरचं. त्याआधी, दुकानाच्या जिन्यावरून उतरताना, आत्या पुढे होती आणि समिधा तिच्या मागे. बेसची पिशवी आत्याच्या पाठीवर होती. आत डोकं टोकदार कापलेलं होतं, ते काही परत गोल होणार नव्हतं. समिधाला त्याचा राग अजून होताच. पण दुसरं काहीतरी तिला मघापासून टोचत होतं. ती दोन पायऱ्या उतरून आत्याच्या बरोबरीला आली.

“आत्या, मी नीट ऐकत होते. पहिल्यांदा बसवली तेव्हाच ई तार बरोबर होती. ती भणभणत नव्हती.”

“माहितीये,” आत्या म्हणाली आणि पुढची पायरी उतरली.